किडीचं कूळ शोधताना

फळझाडांवरच्या किडींचा अभ्यास डीएनए मार्करनी (किडी-किडींत वेगळ्या असू शकणाऱ्या डीएनएवरच्या खुणांनी) कसा करायचा, याविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बागेत कामगंध सापळे लावले, फवारण्या वेळेवर केल्या, तरी सफरचंदावरचा कॉडलिंग मॉथ दर हंगामात हजर असतो. हे पतंग आपल्याच बागेत निपजतात की शेजारून येतात, हे डीएनए तपासून कळेल का?

कळू शकतं, पण पतंगाच्या कपाळावर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. मार्कर सांगतात ते इतकंच, की दोन ठिकाणच्या किडींमध्ये जनुकांचे वेगवेगळे प्रकार, म्हणजे ॲलील, किती प्रमाणात आहेत आणि ती प्रमाणं किती जुळतात. दोन बागांतले पतंग दर हंगामात आपसात मिलन करत असतील, तर जगातला कुठलाही मार्कर त्यांना वेगळं काढणार नाही. हेही उत्तरच आहे. या दोन बागा किडीच्या लेखी एकच आहेत, तेव्हा एकाने फवारून दुसऱ्याने स्वस्थ बसण्यात अर्थ नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

कॉडलिंग मॉथचे बहुतेक पतंग जन्मल्या जागेपासून काहीशे मीटरच्या आतच वावरतात, थोडे काही किलोमीटर जातात. त्याशिवाय माणूस त्यांना नेतो ते वेगळंच. फळं भरायच्या लाकडी खोक्यांच्या फटींत अळ्या कोष विणून हिवाळा काढतात आणि खोक्यासोबत भलतीकडे पोहोचतात. त्यामुळे दूरच्या दोन बागा जनुकीयदृष्ट्या जवळच्या निघाल्या, तर आधी पतंगाच्या पंखांचं कौतुक करू नका, खोकी कुठून कुठे गेली ते विचारा.

हाच प्रश्न मोठ्या पातळीवर विचारला जातो तो परक्या किडींबद्दल. भूमध्य फळमाशी कॅलिफोर्नियात १९७५ साली पहिल्यांदा सापडली आणि मोहिमा काढूनही पुढे पुन्हा पुन्हा सापडत राहिली. उरलेल्या माश्यांची पिलावळ वाढली, की दर वेळी बाहेरून नवी माशी आली? संख्या मोजून हे ठरत नाही. सापडलेल्या माश्यांची जनुकीय ठेवण आधीच्या माश्यांशी जुळते का, की आणखी कुठल्या प्रदेशातल्या माश्यांशी, हे मात्र तपासता येतं. या माशीचं मूळ आफ्रिकेत. विविधताही तिथेच सर्वांत जास्त, आणि नव्या मुलुखात गेलेल्या गटांत ती घटलेली दिसते. उगम शोधताना हा उतार कामी येतो.

प्रश्न : मार्करची एवढी नावं ऐकतो. नेमका कोणता निवडावा?

आधी प्रश्न ठरवा, मग मार्कर. 'ही कोणती जात?' एवढंच विचारायचं असेल, तर मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा तुकडा पुरतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले फोल्मर प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) प्राण्यांच्या असंख्य गटांत चालतात आणि प्रायमर वगळता ६५८ बेसचा, म्हणजे डीएनएच्या ६५८ अक्षरांचा तुकडा देतात. पण मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, आणि तुकडा कितीही वाचलात तरी तो आनुवंशिकतेचा एकच धागा आहे. शेजारशेजारच्या बागांमधल्या देवाणघेवाणीबद्दल तो जवळपास मुका असतो.

बागा, खोरी, तालुके अशा पातळीवर मायक्रोसॅटेलाइट अजूनही उपयोगी आहेत. एक ते सहा बेसच्या छोट्या तुकड्याची पुनरावृत्ती किती वेळा झाली, यावरून ॲलील ओळखायचा. १० ते १५ चांगले लोकस (जीनोमवरच्या ठरावीक जागा) आणि प्रत्येक ठिकाणच्या २५ ते ३० किडी, एवढ्यावर नेटकं काम होतं. खूप सूक्ष्म फरक शोधायचा असेल, तर एसएनपी, म्हणजे डीएनएतल्या एकेका बेसचे फरक. एन्झाइमने डीएनए कापून ठरावीक तुकडेच वाचायच्या रॅडसारख्या पद्धतीतून हजारो एसएनपी मिळतात आणि मग दर ठिकाणी आठ-दहा किडीही पुरू शकतात. मात्र त्यासाठी डीएनए लांब आणि अखंड लागतो. सापळ्यात आठवडाभर सुकलेला पतंग घेऊन रॅडच्या वाटेला जाऊ नका.

आरएपीडी ही छोट्या, कुठेही चिकटणाऱ्या प्रायमरची जुनी पद्धत कोणी सुचवत असेल, तर नम्रपणे नकार द्या. दहा बेसचे प्रायमर, कमी तापमान, आणि मशीन बदललं की पट्टे बदलतात. एएफएलपी (एन्झाइमने कापलेले तुकडे वाढवून पट्टे बघायची पद्धत) त्यापेक्षा भरवशाचं, पण त्यातही पट्टा असला तर एक प्रत आहे की दोन, हे कळत नाही.

प्रश्न : नमुने गोळा कसे करायचे, किती घ्यायचे आणि ठेवायचे कशात? आमच्या पहिल्या हंगामातले निम्मे नमुने वाया गेले.

या विषयात सर्वाधिक चुका मशीनमध्ये होत नाहीत, चिमट्यात आणि बाटलीत होतात. म्हणून हे उत्तर लांबणार.

सगळ्यात मोठा धोका भावंडांचा. फळमाशी एका छिद्रात अनेक अंडी घालते. एका फळातून ३० अळ्या काढून 'या बागेचे ३० नमुने' म्हणून लावल्या, तर तुम्ही बाग मोजलीच नाही, एक-दोन कुटुंबं मोजलीत. हिशेब करून पाहा. ३० असंबंधित किडी म्हणजे प्रत्येक लोकसच्या ६० प्रती. त्याच ३० अळ्या तीन जोडप्यांच्या असतील, तर मागे फक्त सहा पालक, म्हणजे जास्तीत जास्त १२ प्रती. आकडा ३० चा, माहिती सहा किडींची. शिवाय असा गट शेजारच्या गटापेक्षा उगाचच 'वेगळा' दिसतो आणि त्या वेगळेपणावर अख्खा निष्कर्ष उभा राहतो.

म्हणून एका फळातून एकच अळी. कॉडलिंग मॉथ अंडी सुटी घालतो, पण एकच मादी एका झाडावर अनेक अंडी घालते, तेव्हा तिथे एका झाडामागे एक अळी आणि झाडंही सलग ओळीतली नकोत. खोडाभोवती पन्हळी पुठ्ठ्याचे पट्टे बांधून कोषात जाणाऱ्या अळ्या पकडत असाल, तर एका पट्ट्यातून एकच घ्या, पट्टा कितीही भरलेला असो. मोह होतो, कारण पट्ट्यात अळ्या आयत्या मिळतात. सगळी काळजी घेऊनही शंका राहिली, तर कॉलनीसारख्या प्रोग्रॅमने सख्खी भावंडं शोधा आणि प्रत्येक कुटुंबातली एकच किड ठेवून विश्लेषण पुन्हा करा.

किती घ्यायच्या याचा हिशेब सोपा आहे. ५ टक्के प्रमाणात असलेला ॲलील ६० प्रतींमध्ये एकदाही न सापडण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा ६० वा घात, साधारण ०.०४६. म्हणजे ३० किडींमध्ये तो सापडण्याची खात्री ९५ टक्के. १ टक्का प्रमाणातला ॲलील त्याच खात्रीने पकडायचा, तर १५० किडी लागतील. बहुतेक प्रश्नांना एवढा दुर्मिळ ॲलील लागत नाही, तेव्हा ३० वर थांबा आणि उरलेला वेळ आणखी दोन बागांना द्या.

वेळही जुळवा. एका बागेतले नमुने पहिल्या पिढीचे आणि दुसरीतले तिसऱ्या पिढीचे असतील, तर दिसलेला फरक जागेचा की काळाचा, हे सांगता येणार नाही. यजमान झाडही लिहून ठेवा. सफरचंदावरची ऱ्हॅगोलेटिस माशी मुळात हॉथॉर्नच्या फळांवरची. ती सफरचंदाकडे वळून वेगळी होऊ लागली असावी, असं बेंजामिन वॉल्श यांनी १८६० च्या दशकात मांडलं, आणि १९८८ मध्ये एन्झाइम मार्करनी दोन्ही यजमानांवरच्या माश्यांत ॲलीलची प्रमाणं खरोखर वेगळी असल्याचं दाखवलं. सफरचंदावरच्या माश्या हंगामात आधी बाहेर पडतात. दोन्ही झाडांवरच्या माश्या एकाच बाटलीत टाकल्या असत्या, तर हे कधीच दिसलं नसतं.

आता बाटली. ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉल, आणि किडीच्या आकारमानाच्या निदान दहापट. अळी म्हणजे पाण्याची पिशवीच असते. ते पाणी बाहेर येऊन अल्कोहोल पातळ होतं आणि आतले एन्झाइम डीएनए कुरतडू लागतात. मोठ्या अळीला बारीक सुईने दोन-तीन छिद्रं पाडा आणि २४ तासांनी इथेनॉल बदला. या एका बदलाने बरेच नमुने वाचतात. फॉर्मॅलिन अजिबात नको, त्याने डीएनए जखडला जातो. रंग किंवा इतर द्रव्यं मिसळलेलं औद्योगिक स्पिरिटही टाळा. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेरून चिकटवलेलं लेबल प्रवासात गळून पडतं. नाव नसलेला उत्तम डीएनए कचऱ्यातच जातो. प्रयोगशाळेत आल्यावर उणे २० अंशांवर.

आणखी एक. अळीच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीची अळी असू शकते. पीसीआरला (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती बनवायच्या पद्धतीला) दोन्हींचा डीएनए दिसतो आणि सीओआयचा क्रम कधीकधी गांधीलमाशीचाच येतो. मलूल, फिकट किंवा हालचाल मंदावलेल्या अळ्या वेगळ्या ठेवा.

प्रश्न : सापळ्यातल्या चिकट कागदावरच्या पतंगांचा पीसीआर लागत नाही. दोष डिंकाचा की डीएनएचा?

दोन चाचण्यांत कळेल. पहिली, डीएनए दहापट पातळ करून पीसीआर पुन्हा लावा. आता लागला, तर आधी अडथळा आणणारी द्रव्यं होती, डीएनए ठीक आहे. मग तसाच पातळ वापरा, किंवा मिश्रणात बीएसए हे अडथळा कमी करणारं प्रथिन घाला. दुसरी, न लागणाऱ्या नळीत खात्रीचा चांगला डीएनए थोडा मिसळून बघा. तोही लागला नाही, तर अडथळा नक्की. तो लागला आणि तुमचा नमुना पातळ करूनही लागत नाही, तर डीएनए तुटलेला आहे. अशा वेळी १०० ते १५० बेसचा छोटा तुकडा वाढतो, ६५८ चा वाढत नाही.

पतंग कागदावरून ओढून काढू नका, पाय तिथेच राहतात. कागदाचा चौकोन कापून घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली छाती उघडून आतला पंखांचा स्नायू काढा. डिंक तिथवर पोहोचलेला नसतो. सापळे आठवड्यातून एकदा तरी रिकामे करा, उन्हाळ्यात दोनदा. फळमाश्यांच्या द्रव आमिषाच्या सापळ्यांत नुसतं पाणी असेल तर माशी कुजते. पाण्याऐवजी प्रोपिलीन ग्लायकॉल घातलं, तर डीएनए बराच टिकतो.

आणि हे ध्यानात असू द्या की कामगंध सापळ्यात फक्त नर येतात. पुढच्या उत्तरात ते महत्त्वाचं ठरणार आहे.

प्रश्न : आमच्या १२ मायक्रोसॅटेलाइट लोकसपैकी पाच ठिकाणी हेटरोझायगोट (दोन प्रती वेगळ्या असलेल्या किडी) अपेक्षेपेक्षा फार कमी येतात. मार्गदर्शक म्हणतात अंतःप्रजनन आहे. ते मान्य करावं का?

इतक्यात नको. ही तूट चार-पाच कारणांनी येते आणि अंतःप्रजनन त्यातलं सर्वांत कमी संभवणारं, निदान उडणाऱ्या किडीत.

एक लोकस जवळून पाहू. दोन ॲलील, दोघांचं प्रमाण निम्मं-निम्मं, किडी ३०. हार्डी-वाइनबर्गनुसार, म्हणजे मिलन मुक्तपणे होतं असं धरलं तर, १५ हेटरोझायगोट हवेत. तुम्हाला मिळाले आठ. तूट मोजायचा आकडा, म्हणजे एफआयएस, एकातून आठ-पंधरांश वजा केल्यावर येतो, साधारण ०.४७. खरोखर अंतःप्रजनन असेल, तर ते किडीच्या सगळ्या जीनोमला लागू पडतं. म्हणजे बाराच्या बारा लोकसवर साधारण तेवढीच तूट दिसायला हवी. तुमच्याकडे पाचांवर मोठी आणि सातांवर नाही. तेव्हा कारण लोकसमध्ये आहे, किडीत नाही.

पहिला संशयित नल ॲलील. प्रायमर जिथे चिकटतो तिथेच बदल झालेला असला, की ती प्रत वाढतच नाही. किडीकडे दोन वेगळे ॲलील असतात, आलेखावर एकच शिखर दिसतं आणि आपण तिला होमोझायगोट, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या असलेली, म्हणतो. पतंगांच्या जातींत हे फार होतं, कारण त्यांच्या मायक्रोसॅटेलाइटच्या आजूबाजूचे क्रम जीनोमभर सारखे पसरलेले असतात आणि चांगले लोकस मिळवणंच अवघड जातं. ओळखायची खूण अशी, की काही किडी त्या लोकसवर पूर्ण कोऱ्या येतात आणि इतर लोकसवर ठणठणीत. त्यांच्या दोन्ही प्रती नल असतात. उपाय म्हणून प्रायमर चिकटण्याचं तापमान तीन-चार अंश खाली आणून बघा, नाहीतर एक प्रायमर थोडा बाहेर सरकवून नव्याने बनवा. तेही जमलं नाही, तर लोकस सोडून द्या, किंवा नल ॲलीलची दुरुस्ती करणाऱ्या फ्रीएनएसारख्या प्रोग्रॅमने एफएसटी, म्हणजे गटागटांतल्या जनुकीय फरकाचा आकडा, काढा. दुरुस्तीशिवाय एफएसटी फुगून येतो.

दुसरा संशयित अनेकांच्या लक्षातच येत नाही. पतंगांमध्ये नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू. लोकस झेड गुणसूत्रावर असेल, तर मादीकडे त्याची एकच प्रत, म्हणून ती कायम होमोझायगोट दिसणार. नर-मादी वेगळे करून मोजा. माद्यांत शून्य हेटरोझायगोट आणि नरांत सगळं सुरळीत, असं दिसलं की प्रश्न मिटला. सापळ्यातल्या नरांवर लोकस तपासून 'उत्तम' ठरवायचे आणि मग ते अळ्यांवर लावायचे, तर तूट अचानक उगवते, ती अशी. कॉडलिंग मॉथच्या पूर्ण वाढलेल्या नर अळीत पाठीच्या कातडीतून वृषण गडद ठिपक्यासारखे दिसतात, तेव्हा अळ्यांचंही लिंग ओळखता येतं. फळमाश्यांत गणित उलटं, तिथे नराकडे एक्स एकच.

तिसरं कारण कमी डीएनए. नळीत मोजक्याच प्रती असल्या की एक ॲलील योगायोगाने वाढतच नाही. पायाच्या एका तुकड्यातून डीएनए काढत असाल, तर होमोझायगोट आलेले नमुने निदान दोनदा पुन्हा लावा.

चौथं, वाचनातली चूक. दोन बेसच्या पुनरावृत्तीत मुख्य शिखराआधी दोन-दोन बेस मागे छोटी शिखरं येतात. लगतचे दोन ॲलील असलेली कीड त्यामुळे होमोझायगोट वाटते. शिखरं एकेका बेसने जोडीजोडीने दिसत असतील, तर टॅक पॉलिमरेजने टोकाला ए जोडण्याचं काम अर्धवट राहिलं आहे. शेवटचा विस्तार ६० अंशांवर ३० मिनिटं ठेवा. दरवेळी ५ ते १० टक्के नमुने दुसऱ्या प्लेटवर परत लावून चुकीचं प्रमाण काढा आणि ते प्रबंधात छापा.

आणि बाराही लोकसवर बेताची तूट असेल, तेव्हाच दोन वेगळे गट नकळत एका बाटलीत आले का, हे बघा. अंतःप्रजनन सर्वांत शेवटी.

प्रश्न : फळमाशीचा सीओआय क्रम डेटाबेसमध्ये बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसशी ९९ टक्क्यांहून जास्त जुळला. ओळख पक्की समजावी का?

नाही. पहिल्या ओळीवर थांबू नका, खालच्या २० ओळी वाचा. त्यात बॅक्ट्रोसेरा कॅराम्बोलीही तितक्याच टक्क्यांनी सापडेल. या दोन जाती सीओआयने खात्रीने वेगळ्या होत नाहीत. केंद्रकातला आयटीएस१ हा तुकडा इथे जास्त उपयोगी पडतो, जोडीला पंख आणि पोटावरच्या खुणा. या गटाची नावंही बदलली आहेत. २००५ मध्ये आफ्रिकेतून वर्णन केलेली बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स आणि आधीची पपायी, या दोन्ही २०१५ मध्ये डॉर्सॅलिसमध्येच विलीन करण्यात आल्या. कॅराम्बोली मात्र वेगळी राहिली. जुन्या नोंदी जुन्या नावांनीच पडून असतात, आणि काही तर चुकीच्या माशीच्या असतात.

क्रमात मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) किंवा दुहेरी शिखरं आली, तर तो मायटोकॉन्ड्रियाचा नसून केंद्रकात जाऊन पडलेला जुना तुकडा असू शकतो. आणि एखाद्या गटात सगळ्यांचा सीओआय हुबेहूब सारखा असेल, तर वोल्बाखिया तपासा. हा जिवाणू आईकडून पिलांकडे जातो आणि पसरताना आपल्यासोबतचा मायटोकॉन्ड्रिया सगळीकडे पसरवतो. त्याला गटाचा इतिहास समजण्याची चूक होते.

प्रश्न : दोन बागांमधला एफएसटी ०.०४ आला. सूत्रात घातल्यावर पिढीला सहा स्थलांतरित येतात असं उत्तर मिळतं. अहवालात असं लिहू का?

कृपया लिहू नका. सूत्र बरोबर आहे, वापर चुकला आहे.

आकडा येतो कुठून ते बघू. एका बागेत ॲलीलचं प्रमाण ०.४, दुसरीत ०.६. प्रत्येक बागेत अपेक्षित हेटरोझायगोट ०.४८. दोन्ही एकत्र केल्या तर प्रमाण ०.५ आणि अपेक्षा ०.५०. फरक ०.०२, त्याला ०.५० ने भागलं की ०.०४. आता एकातून ०.०४ वजा करून ०.१६ ने भागा, सहा. पण हे सहा तेव्हाच खरे, जेव्हा सगळे गट सारख्या आकाराचे, सगळ्यांत सारखी देवाणघेवाण, आणि ही स्थिती शेकडो पिढ्या अशीच. फळबाग म्हणजे दर १५-२० वर्षांनी उपटून नव्याने लावलेली झाडं आणि दर हंगामात फवारणीने कोसळणारी कीडसंख्या. यातली एकही अट टिकत नाही.

उलट बाजूचा घोटाळा जास्त महागात पडतो. समजा दोन बागा आजपासून पूर्ण तुटल्या, एकही पतंग इकडून तिकडे नाही, आणि प्रत्येकीत मिलनात खरोखर भाग घेणारे १,००० पतंग आहेत. वर्षाला दोन पिढ्या धरल्या तर १० वर्षांनी, म्हणजे २० पिढ्यांनी, एफएसटी फक्त ०.०१ पर्यंत चढलेला असेल. तुम्ही तो मोजाल आणि 'भरपूर देवाणघेवाण आहे' असं लिहाल, आणि दहा वर्षांत एकही पतंग आलेला नसेल. एफएसटीला कालचं आठवतं, आज काय चाललंय ते नाही. आजचं हवं असेल, तर प्रत्येक कीड कोणत्या बागेतली असण्याची शक्यता जास्त, हे तपासणाऱ्या पद्धती वापरा. त्याही गट पुरेसे वेगळे असले तरच बोलतात. शक्य असेल तिथे पतंगांना रंग लावून सोडायचं आणि पुन्हा पकडायचं. जुनी पद्धत, पण अशा प्रश्नाला ती थेट भिडते.

प्रश्न : किडींना जनुकीय गटांत वाटणाऱ्या स्ट्रक्चर प्रोग्रॅमने दर वेळी दोनच गट दाखवले. खरंच दोनच?

कदाचित एकच. गटांची संख्या ठरवायची इव्हानो यांची पद्धत लगतच्या आकड्यांतला बदल मोजते, त्यामुळे 'एक' हे उत्तर तिला देताच येत नाही. एका गटासाठीची संभाव्यता वेगळी काढून बघा. प्रत्येक आकड्यासाठी १० वेळा प्रोग्रॅम चालवा आणि निकाल एकमेकांशी जुळतात का ते तपासा. रंगीत पट्ट्यांत सगळ्याच किडी अर्ध्या निळ्या, अर्ध्या नारिंगी असतील, तर तिथे गट नाहीतच. आणि दुसरा 'गट' म्हणजे एकाच बागेतल्या आठ-दहा किडी असतील, तर ती बहुधा भावंडं आहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचा.

प्रश्न : लोकरी माव्याच्या ४० नमुन्यांत फक्त तीनच जनुकीय ठेवणी निघाल्या. काही चुकलं का?

नाही, मावा तसाच असतो. सफरचंदावर तो बहुतेक ठिकाणी मिलनाशिवायच वाढतो, म्हणजे एका मादीच्या हुबेहूब प्रती. अशा वेळी ४० हा नमुन्यांचा आकडा राहत नाही. प्रत्येक ठेवण एका बागेत एकदाच मोजून विश्लेषण करा, मग सगळे नमुने घेऊन करा, आणि दोन्ही निकाल शेजारी मांडा. हार्डी-वाइनबर्ग चाचणी इथे लावण्यात अर्थ नाही. एक खबरदारी मात्र घ्या. एका बेसच्या वाचनचुकीनेही 'चौथी ठेवण' जन्माला येते. एकाच लोकसवर वेगळ्या दिसणाऱ्या नमुन्याचा पीसीआर पुन्हा लावल्याशिवाय तिला नवी म्हणू नका.

प्रश्न : कीटकनाशकाला दाद न देणारी कीड पसरते आहे का, हे याच मायक्रोसॅटेलाइटवरून कळेल का?

थेट नाही. मायक्रोसॅटेलाइट निवडीच्या बाबतीत तटस्थ समजले जातात. किडी कुठून कुठे जातात हे ते सांगतील, पण प्रतिकारक्षमतेसाठी तिचाच मार्कर हवा. कॉडलिंग मॉथमध्ये पायरेथ्रॉइडविरोधी एक बदल माहीत आहे. सोडियम चॅनेलमध्ये १०१४ व्या जागी ल्युसीनऐवजी फेनिलॲलनीन. तो ॲलीलनिहाय पीसीआरने एका दिवसात तपासता येतो. पण तो सापडला नाही म्हणून कीड औषधाला बळी पडेल, असं समजू नका. विष पचवणाऱ्या एन्झाइमांचं प्रमाण वाढूनही प्रतिकार येतो आणि तो या चाचणीत दिसत नाही. औषध देऊन प्रत्यक्ष किती किडी मरतात हे बघणारी मारकचाचणी सोबत हवीच.

याच किडीवर वापरल्या जाणाऱ्या ग्रॅन्युलोव्हायरसचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. २००५ च्या सुमारास युरोपातल्या काही बागांत विषाणूला न जुमानणाऱ्या अळ्या नोंदल्या गेल्या, आणि त्यातल्या पहिल्या प्रकाराचं मूळ झेड गुणसूत्रावर निघालं. मादीचा एकमेव झेड बापाकडून येतो. म्हणजे दोन्ही प्रती प्रतिकारक असलेल्या नराच्या सगळ्या मुली एकाच पिढीत प्रतिकारक. तेव्हा अशा बागेत नमुने घेताना नर आणि माद्या वेगवेगळ्या मोजा. एकत्र केलेली टक्केवारी माद्यांमधली चढण लपवते.

प्रश्न : डीएनए काढल्यावर उरलेली कीड ठेवायची की टाकायची?

ठेवायची. पतंगाचे दोन पाय किंवा छातीतला स्नायू डीएनएसाठी घ्या. पंख आणि पोट राखा, कारण जातीची खात्री जननेंद्रियांवरून होते आणि ती पोटाच्या टोकाला असतात. माशीचा एक पाय पुरतो. प्रोटिनेज के टाकून रात्रभर ५६ अंशांवर ठेवा आणि शेवटी ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवा. पायाला १०० घेतलंत तर फार पातळ होतं. मोजमाप फ्लुओरेसन्सवर करा. निव्वळ प्रकाशशोषणावर चालणारं यंत्र आरएनएही डीएनए म्हणून मोजतं, आणि रॅडसाठी तो आकडा धरला तर प्लेटमधल्या अर्ध्या नळ्या उपाशी राहतात. डीएनए दोन भागांत वाटून एक भाग कधीच न उघडता उणे ८० अंशांवर ठेवा. उरलेल्या किडीच्या बाटलीवर आणि डीएनएच्या नळीवर एकच क्रमांक घाला.